मालमोटारीचे पोट आणि रस्त्यावरचे मीठ



मिठाने पदार्थ टिकतो, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. लोणचे टिकते ते मिठावर, आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून कोळीवाड्यात मासळी खारवतात तीही मीठ लावूनच. पण हेच मीठ लोखंडाला लागले की त्याचा गुण उलटा होतो. मिठागरातले फावडे कोरड्या रानातल्या फावड्याआधी किती लवकर निकामी होते, ते आगरी बांधवांना विचारावे.

आज मी जी हकीकत सांगणार आहे ती मिठाच्या या दुसऱ्या गुणाची आहे. ती घडली उत्तर अमेरिकेत, जिथे हिवाळ्यात चार-चार महिने बर्फ पडतो. तिथे माणसांचे प्राण वाचावेत म्हणून रस्त्यांवर मीठ टाकू लागले, आणि त्या मिठाने मोटारींची, विशेषतः मालमोटारींची, पोटे खाल्ली. ती वाचवण्यासाठी लोकांनी काय काय करून पाहिले, त्यातले काय फसले आणि काय टिकले, हा सगळा इतिहास शंभर वर्षांच्या आतला आहे. आणि ज्याच्या दारात लोखंडाची कुठलीही वस्तू उभी आहे, त्याने तो ऐकावा असा आहे.

आधी मोटारी नव्हत्या तेव्हाचे पाहू. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हँपशायर, व्हरमाँट, मेन अशी डोंगराळ राज्ये आहेत. तिथे हिवाळा आला की गाडीची चाके बाजूला पडत आणि लोक घसरगाड्या जुंपत. या गाड्यांना चाकांऐवजी खाली लांब पट्ट्या असतात. त्यांना रस्त्यावर बर्फ हवाच. म्हणून तेव्हा रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नसे. घोड्यांकडून मोठाले लाकडी रूळ ओढून तो उलट दाबून घट्ट बसवीत. त्या भागात लाकडी छपराचे पूल असत. छपरामुळे पुलावर बर्फ पडत नसे, आणि मग घसरगाडी पुलावर अडे. त्यासाठी माणसे लावून बाहेरचा बर्फ फावड्याने पुलावर आणून पसरीत! आज हे ऐकून हसू येते, पण ज्याची जशी गाडी तसा त्याचा रस्ता.

मोटार आली आणि हे सारे पालटले. रबरी चाकाला कोरडा, उघडा रस्ता पाहिजे. दाबलेल्या बर्फावर ते घसरते आणि ब्रेक लावला तरी गाडी थांबत नाही. सुरुवातीला लोक रस्त्यावर वाळू आणि कोळशाची राख टाकीत. त्याने चाकाला थोडी पकड मिळे, पण बर्फ जागच्या जागी राही. मग लक्ष गेले मिठाकडे.

मिठाने बर्फ का वितळतो? हे समजायला प्रयोगशाळा नको. लाकडी बादलीत बर्फ, बर्फात खडेमीठ आणि मध्ये दुधाचा डबा, असे हाताने फिरवायचे आइस्क्रीमचे पॉट पुष्कळांनी पाहिले असेल. साधे पाणी शून्य अंश सेंटिग्रेडला गोठते. त्यात मीठ विरघळले की ते त्याहून खाली गेल्याशिवाय गोठत नाही. शंभर भाग द्रावणात तेवीसच्या आसपास मीठ असेल, तर ते थेट उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहते. रस्त्यावर इतके नेमके प्रमाण जमत नाही. सुमारे उणे ९ अंशांखाली साधे मीठ फारसे कामी येत नाही. पण एरवी ते बर्फाची रस्त्याशी धरलेली पकड सोडवते आणि मग नांगरासारखे पाते लावलेली गाडी तो बाजूला लोटते.

न्यू हँपशायर राज्याने १९३८ साली रस्त्यांवर मिठाचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात सबंध अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले. पुढे महायुद्ध संपले, घरोघर मोटारी आल्या. १९५६ साली सबंध देश जोडणाऱ्या महामार्गांचा कायदा झाला. माल रेल्वेकडून मालमोटारींकडे सरकू लागला, आणि हिवाळ्यातही रस्ता उघडा दिसलाच पाहिजे, अशी लोकांची मागणी झाली. तेव्हाचे ते पाच हजार टन कुठल्या कुठे राहिले. आता अमेरिकेत वर्षाला दीड-दोन कोटी टनांच्या घरात मीठ रस्त्यांवर पडते.

एवढे मीठ येते कुठून? बरेचसे जमिनीच्या पोटातून. आणि इथे एक मोठी गमतीची गोष्ट आहे. अमेरिकेतील मोटारधंद्याची राजधानी म्हणजे डेट्रॉइट. त्या शहराच्या बरोबर खाली, सुमारे साडेतीनशे मीटर खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे ते मीठ. खाणीची विहीर १९१० साली पुरी झाली. म्हणजे वर कारखान्यात लोखंडाच्या गाड्या घडत होत्या आणि त्याच गावाच्या पायाखालून त्या गाड्यांचा वैरी वर येत होता.

आता मीठ लोखंडाला नेमके काय करते ते पाहू. शिक्षक मंडळींना हे ठाऊकच आहे, तरी थोडक्यात सांगतो. गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू अशी तिघांची गाठ पडावी लागते. लोखंडाच्या एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे विजेचा अगदी बारीक प्रवाह वाहतो आणि त्यात लोखंड झिजते. शुद्ध पाण्यातून हा प्रवाह मंद जातो. पाण्यात मीठ आले की त्याला वाट मोकळी होते. शिवाय लोखंडावर धरलेला पातळ संरक्षक थर मिठातला क्लोराइड फोडतो. त्यात आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरते ना? मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. हवेतला दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेला की साधे मीठ आपणहून ओले होते. १९९० नंतर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत मॅग्नेशियम क्लोराइडचे पाणी रस्त्यावर फवारण्याची पद्धत वाढली. ते तर शेकडा ३३ च्या आसपास दमटपणा असला तरी ओले राहते. म्हणजे रस्ता वाळला, ऊन पडले, तरी गाडीच्या पोटाखालचे मीठ ओलेच, आणि गंजाचे काम चालूच.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. मिठाने माखलेली गाडी कडक थंडीत अंगणात उभी राहिली तर हळू गंजते. तीच ऊबदार गॅरेजात नेऊन ठेवली तर लवकर गंजते. उबेने रासायनिक क्रिया वाढते. मालक बिचारा समजतो, गाडीला आसरा दिला!

मालमोटारीचा सांगाडा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला चासी म्हणतात, तो दोन लांब पोलादी तुळयांचा असतो. मध्ये आडव्या तुळया, शिडीसारख्या. जड गाडीत पुष्कळदा एका तुळईच्या आत दुसरी तुळई बसवून बळकटी आणतात. या दोन तुळयांच्या फटीत खारे पाणी शिरले की बाहेर येत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. ओलाव्याने भिजलेले कडधान्य फुगून डबा ताणते, तसा तो फटीत फुगतो आणि जाड पोलाद वाकवतो. तीच गत कमानींच्या पाट्यांमधल्या फटींची, कमानी टांगलेल्या कड्यांची आणि डिझेलची टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांची.

पण सर्वांत घातक जागा म्हणजे ब्रेकच्या बारीक पोलादी नळ्या. या नळ्या सांगाड्याला लागून मागच्या चाकांपर्यंत जातात. वरून डाग दिसतो तेवढाच, आणि आतून नळी कागदासारखी पातळ झालेली असते. एक दिवस जोरात ब्रेक दाबला की ती फुटते. अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक-सुरक्षा खात्याने काही वर्षे चौकशी करून एप्रिल २०१५ मध्ये जाहीर सूचना काढली. थंड मुलखातल्या, २००७ सालच्या किंवा त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांनी ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्यात आणि गाडीचे पोट नीट धुवावे, असा तिचा आशय होता. बघा, जे मीठ गाडी वेळेवर थांबावी म्हणून रस्त्यावर टाकले, तेच गाडी थांबवणारी नळी खात होते.

यावर इलाज काय काय झाले?

पहिला इलाज डांबराचा. गाडीच्या पोटाला डांबरासारखा जाड काळा लेप द्यायचा. महायुद्धानंतर याची चलती झाली. खडखड कमी होते आणि गंजही थांबतो, असे सांगून विक्रेते तो विकीत. नवी गाडी, स्वच्छ पत्रा आणि अखंड लेप असेल तोवर तो बरा. पण थंडीने डांबर कडक होते, चाकांनी उडवलेल्या खड्यांनी त्याला चिरा पडतात. चिरेतून खारे पाणी आत जाते आणि लेपाच्या मागे साठते. वरून सगळे काळे, गुळगुळीत, ठीकठाक. आत पत्र्याची चाळण. लेप नसता तर निदान गंज दिसला तरी असता! या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा तो हाच. झाकलेली जागा राखली नाही, तर झाकण गंजाच्याच उपयोगी पडते.

दुसरा इलाज शेतकऱ्यांचा. एंजिनातून काढलेले जुने काळे तेल सांगाड्याला फासायचे आणि मग गाडी धुळीच्या कच्च्या रस्त्यावरून फिरवून आणायची. तेलावर धूळ बसून कातडीसारखा थर तयार होई. गावठी खरा, पण त्याने काम होई, कारण तेल पातळ असल्याने फटीत शिरे, आणि दरसाल नवे लावले जाई. मात्र ते गळून जमिनीत आणि विहिरीत जाते. जळक्या तेलात अपायकारक द्रव्येही असतात. तेव्हा आज कोणी तो करू नये.

तिसरा इलाज डेट्रॉइटमधला. कुर्ट झीबार्ट नावाच्या कारागिराच्या पद्धतीचे दुकान तिथे १९५९ साली निघाले. त्याने ओळखले होते की मोटार बाहेरून गंजते त्यापेक्षा आतून, बंद पोकळ्यांतून अधिक गंजते. म्हणून तो पोकळ भागांना छिद्रे पाडी, लांब नळीच्या तोटीने आत मेणासारखा लेप फवारी आणि छिद्रे बुचांनी बंद करी. चौथा इलाज आरमारातून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी जहाजांच्या पाणी भरायच्या टाक्यांसाठी मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून लेप करू लागले. पावसात भिजलेली मेंढी अंग झाडते आणि तिची कातडी कोरडी राहते, ती या चरबीमुळे. हा लेप कडक होत नाही, म्हणून त्याला चिरा पडत नाहीत. पुढे तो मोटारींनाही लावू लागले. पण तो धुपून जातो. दर हिवाळ्याआधी पुन्हा लावावाच लागतो.

आणि जस्त? लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याची विद्या जुनी आहे. १८३७ साली सोरेल या फ्रेंच गृहस्थाने तिचे पेटंट घेतले. आपल्या विहिरीवरची जस्ती बादली आणि घरावरचा पत्रा त्याच विद्येचे. जस्ताची खुबी अशी की ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीने मोटारीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या प्रवाहाने रंग कोपऱ्याकोपऱ्यात बसवण्याची रीत वापरात आणली. १९७० च्या दशकात ती आणखी सुधारली. पुढे जस्ती पत्राही मोटारीत सर्रास आला. यामुळे नव्या गाड्यांची अंगे पुष्कळ टिकाऊ झाली. पण मालमोटारींच्या चासीला पुष्कळदा साधा काळा रंग किंवा मेणाचा लेपच असे. म्हणून जुन्या मालमोटारीचा प्रश्न मालकाच्या हातीच राहिला.

मग जुनी गाडी हाती असलेल्या माणसाने करावे काय? तिकडचे जाणते कारागीर जे करतात त्याचा क्रम असा. पहिल्यांदा धुणे. वरचा रंग चकचकीत करण्याआधी पोट धुवावे. चाकावरच्या कोनाड्यांत आणि तुळयांच्या आत पाण्याची धार न्यावी. चिखलात मीठ दडून बसते. पण पाणी फार जोराने मारून ते फटीत कोंबू नये. दुसरे, पाणी निघून जायची भोके तारेने मोकळी करावीत. बुजलेले भोक म्हणजे तुळईत कायमचे डबके. तिसरे, गाडी पुरती वाळू द्यावी. चौथे, सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि खरवडणीने काढावा, आणि हातोडीने जागोजाग ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर पोलाद शाबूत. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, तर रंग लावून झाकू नये, आधी जाणत्याला दाखवावे. वाहत्या भाराची तुळई रस्त्याकडेच्या कोणीही डागणी देऊन जोडू नये. पाचवे, उघड्या धातूवर गंजरोधक अस्तर. पूर्वी यासाठी शेंदूर वापरीत, आपण मारुतीला चढवतो तोच. तो शिशाचा असतो आणि विषारी, म्हणून आता जस्ताचे किंवा दुसरे निर्धोक अस्तर वापरतात. शेवटी फटींत आणि पोकळ्यांत तेलाचा किंवा मेणाचा लेप, दरसाल हिवाळ्याच्या तोंडावर. ब्रेकच्या चकत्या आणि ड्रम, तापणारी धुराची नळी आणि रबरी भाग मात्र यातून वगळायचे.

या सगळ्यात एकदाच करून मोकळे होण्यासारखे काहीच नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. तिकडच्या सरकारांनाही ते उमगले आहे. रस्त्यावरचे मीठ वितळलेल्या बर्फाबरोबर नद्यांत, तळ्यांत आणि विहिरींत उतरते आणि तिथून ते सहज काढता येत नाही. म्हणून आता मीठ मोजून टाकतात. बर्फ पडण्याआधीच खारे पाणी फवारतात, म्हणजे थोडक्या मिठात भागते. काही ठिकाणी मीठ रस्त्याला धरून राहावे म्हणून त्यात बीटच्या साखर-कारखान्याचा चिकट रसही मिसळतात. तरी मीठ साफ बंद करणे कोणाला जमलेले नाही, कारण त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. रस्ता सुरक्षित ठेवायचा तर लोखंडाची ही झीज सोसावी लागणार. ती वेळेवर ओळखून आटोक्यात ठेवणे एवढेच आपल्या हाती.

आता कोणी म्हणेल, आपल्या रस्त्यांवर कुठे बर्फ पडतो? नाही पडत. पण मीठ आपल्याकडेही आहे. भूगोलाच्या तासाला आपण खारे वारे शिकवतो, ते कोकणपट्टीत रोज लोखंडावर मिठाचा हात फिरवतात. मिठागरांतून मीठ वाहणारे ट्रक आहेत. बर्फात घातलेली मासळी घेऊन बंदरांतून निघालेल्या गाड्या वाटभर खारे पाणी गाळीत जातात. ते पाणी आधी त्यांच्याच पोटाखालच्या लोखंडावरून वाहते. अमेरिकेत मालकाला निदान हिवाळा आला की आठवण होते. आपल्या किनाऱ्यावर ऋतू ठरलेला नाही, म्हणून तारीख आपणच ठरवावी लागते. पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याला हत्यारे पुसतो तेव्हा एकदा गाडीखाली वाकून पाहावे. नुसता हार घालून भागणार नाही. न दिसणाऱ्या गंजाने काय होते ते गोव्याने पाहिले आहे. पणजीजवळचा मांडवीवरचा नेहरू पूल बांधून वीस वर्षेही झाली नव्हती, तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. बाहेरून पूल पूलच दिसत होता.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. काचेच्या चार बरण्या आणि चार सारखे, स्वच्छ घासलेले खिळे घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी. तिसरीत उकळून थंड केलेले पाणी आणि वर तेलाचा थर. चौथीत मिठाचेच पाणी, पण खिळ्याला प्रयोगशाळेतली जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेली. आठ दिवस रोज मुलांकडून पाहणी लिहून घ्या. कुठल्या बरणीत गंज आधी दिसला, कुठे दिसलाच नाही आणि का, हे त्यांनीच सांगावे. आठव्या दिवशी जस्ताच्या पट्टीकडे पाहायला विसरू नका. आणि ज्या मुलाच्या घरी ट्रॅक्टर, टेंपो किंवा मालमोटार असेल त्याला सांगा, रविवारी वडिलांबरोबर गाडीखाली डोकावून ये आणि काय दिसले ते वर्गात सांग. गाडी पक्क्या जागी उभी असू दे, चाकांना उटी लावलेली असू दे, म्हणजे झाले.